दुधाच्या खोलीची चावी

चहा ओत, पण सरकारी दूधवाटपाचं कौतुक मला सांगू नकोस. समुद्रपूरजवळच्या एका गावात पोरांसाठी आलेली दूधभुकटी अंगणवाडीत कुलपात होती आणि बाहेर बाया लोटे घेऊन बसलेल्या. एकीच्या मांडीवर वाळून गेलेलं पोर.

"सेविकाबाई महिनाभर वर्ध्याले गेल्या. केंद्र कसं चालवाव, थे शिकून राह्यल्या," ती म्हणाली.

मी वर्ध्याला जाऊन प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांना गाठलं. "निदान चावी तरी पाठवा!"

"चावी दुसऱ्याला द्यायची नाही, हे तर आम्ही पहिल्याच दिवशी शिकवलं," साहेब अभिमानानं म्हणाले.

सेविकाबाई पहिल्या नंबरानं पास होऊन परतल्या. कुलूप उघडलं, तेव्हा ती आई समोरून चालली होती.

"काऊन वो, लोटा नाई आणला?"

"आता कोणाले पाजू, बाई?"

सेविकाबाईंनी वही उघडली आणि शिकवल्याप्रमाणे पोराच्या नावापुढे लिहिलं, "गैरहजर".