सासरेबुवांचा मासा

...वासाचं काय घेऊन बसलात, वास तर नंतर आला! आधी आले सासरेबुवा. म्हणजे आधी गेले, आणि मग आमच्याकडे आले. तुम्हाला सांगतो, लोक जाताना घर ठेवतात, दागिने ठेवतात, यांनी ठेवली काचेची टाकी, तिच्यात प्लॅस्टिकचा किल्ला आणि एक मासा. सोनेरी, म्हातारा, खालचा ओठ पुढे काढलेला... हुबेहूब तेच. बायकोने टाकी नेमकी माझ्या खुर्चीसमोर, खिडकीत मांडली. का, तर बाबांना ऊन आवडायचं. म्हटलं, ‘अगं, माशाला विचारलंस का?’ तर डोळ्यांत पाणी. ‘बाबांचं एवढंच उरलंय माझ्याकडे. त्याला काही झालं ना, तर बघा.’ बघितलं. मासा माझ्याकडेच बघत होता.

पंधरा दिवसांत काचेवर पोपटी साय धरली, किल्ल्याच्या बुरुजांना शेवाळाच्या दाढ्या फुटल्या, आणि मग वास. कसा सांगू... ओला मोजा बुटात विसरावा आणि आठवड्याने त्या बुटात नाक घालावं, तसा. सकाळी चहाला तोच, ऑफिसात फाइल उघडली तरी तोच. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः खिडकीबाहेर डोकं काढून झापलं. लिफ्टमधली माणसं आमच्या मजल्याच्या दोन मजले आधीपासून श्वास धरायची, यात तिळभर खोटं नाही. आई म्हणाली, ‘अरे, गेलेल्या माणसाचं काही राहिलं असलं की येतो असा वास.’ ‘काय राहिलं असेल?’ ‘जावई सुधारलेला बघायचा.’ सख्खी आई बरं का माझी! टाकीकडे वळलो, मासा बघत होता.

आणि एका रविवारी दुपारी, जेवणं झालेली, घर पेंगलेलं, पंपाचे बुडबुडे तेवढे चालू... काचेवरच्या शेवाळात मला चेहरा दिसला. कपाळ, चष्म्याच्या दोन गोल काचा आणि तो ओठ. ‘मुलगा उंचीला एवढाच का?’ असं आमच्या लग्नात विचारताना काढला होता, तोच.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. जाण्याआधी त्यांनी मला फोन केला होता. ‘जावईबापू, एकदा येऊन टाकीचं पाणी बदलून द्या, हात वर होत नाही हो.’ म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. पुढच्या रविवारी म्हटलं, पुढच्या. असे चार रविवार. पाचव्या रविवारी गेलो, पण तेव्हा सगळेच आले होते.

उठलो. मासा बादलीत काढला, टाकी न्हाणीघरात नेली आणि घासली. अशी घासली की सात पिढ्यांची पापं निघावीत. खडे वरवर विसळले, किल्ला घासला, फिल्टरमधला काळा बुळबुळीत स्पंज उकळत्या पाण्याने पांढराशुभ्र केला. नळाचं ताजं पाणी भरलं, मासा सोडला. सकाळी बघतो तर पाणी दुधाळ, वास दुप्पट आणि मासा वर येऊन नुसतं तोंड उघडमीट करतोय. आणि तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याची जास्त भीती वाटली. बायको मागे उभी. ‘काय केलंत?’ एवढंच म्हणाली.

शोभेच्या माशांच्या दुकानातून मासेविक्याला अक्षरशः ओढून आणलं. सुकलेला, शांत माणूस. त्याने वाकून पाणी हुंगलं.

‘स्पंज धुतलात?’

‘उकळून.’

‘त्या काळ्या मळात जिवाणू होते साहेब, टाकीतली घाण खाणारे. तुम्ही सफाई कामगारच मारलेत. आणि नळाचं पाणी तसंच ओतलंत? त्यातलं औषध माशाला सोसत नाही.’ त्यावर उतारा म्हणून बाटलीतले थेंब टाकले, दुकानातल्या टाकीचा जुना मळका स्पंज बसवला. ‘उन्हातून हलवा आधी. ऊन आणि जेवण मिळालं, की शेवाळाची चंगळ.’

‘जेवण? मी तर सकाळी एकच चिमूट घालतो.’

बायको म्हणाली, ‘तुम्ही घालता? मी घालते सकाळी.’

आई म्हणाली, ‘दुपारी मी. बघत असतो रे बिचारा.’

तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. बायको हळूच म्हणाली, ‘शेवटी शेवटी मी फोनवर घाईत असायचे त्यांच्याशी.’ आई म्हणाली, ‘मी एकदा त्यांना जेवणावरून टाकून बोलले होते.’ मी मनातल्या मनात चार रविवार मोजले. मासेविक्याने खड्यांत हात घातला आणि सडक्या दाण्यांचा मूठभर चिखल वर काढला. ‘वास याचा होता,’ म्हणाला. ‘एक मासा आणि तीन माणसांची लाच.’

आठवड्यात पाणी निवळलं. वास गेला, चेहरा गेला. आता दाणे एकटी बायको घालते, आणि मी दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतो, आदल्या दिवशी बादलीत ते थेंब टाकून ठेवलेलं, बारीक धारेने. परवा सहज मासेविक्याला विचारलं, ‘किती जगेल हो हा?’ म्हणाला, ‘असंच नीट ठेवलंत, तर दहा वर्षं कुठे गेली नाहीत.’

म्हणजे पाचशेवीस रविवार. मी चारच चुकवले होते हो... वळून बघितलं. मासा बघत होता. माझ्याकडे नाही, बादलीकडे.