चौदा नंबरचा मिठाचा दगड

नाही ना ठेवला विश्वास! एकानंही नाही! घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते, मी नाही धुतला, मी नाही धुतला, पण ऐकतंय कोण? हेडक्लार्क म्हणाला, "बाईनं धुतला असेल." नकाशाच्या मॅडम म्हणाल्या, "बाईनंच धुतला असेल हो." पोरी मला मावशी-मावशी करतात, त्याही एकमेकींच्या कानात, "मावशींनी धुतला असणार..." आणि घरी गेले तर आमचे हे, ज्यांनी जन्मात तो दगड बघितला नाही, ते चहात बिस्कीट बुडवत म्हणतात, "धुतला असशील गं, नीट आठवून बघ." आता बोला!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्यांच्यासारखेच मान हलवाल.

मी भूशास्त्र विभागात झाडलोट करते, फरशी पुसते, नमुन्यांची धूळ काढते. अकरा वर्षं झाली, रोजंदारीवर. भूशास्त्र म्हणजे काय? दगडांचं कॉलेज. माझी जाऊ हसते, म्हणते, "दगडात शिकायचं काय असतं गं? उचलला आणि टाकला!" तिला काय सांगू? तीन वर्षं लागतात, तीन! पहिल्या वर्षी नुसतं ओळखायचं. नखानं ओरखडा जातो का बघायचं, नाही गेला तर नाणं, नाही गेला तर सुरी. मग पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दगड घासायचा आणि रेघ कुठल्या रंगाची उमटते ते बघायचं. एक दगड आहे, असा सोन्यासारखा चमकतो की डोळे दिपतात, आणि रेघ काढली की काळी! तुम्हाला सांगते, माणसांनाही असं फरशीवर घासून बघायची सोय हवी होती, माझी निम्मी सोयरीक टळली असती. दुसऱ्या वर्षी थर आणि थरात अडकलेले शिंपले, आणि दगडाची कागदाहून पातळ चकती करून भिंगाखाली बघायची. तिसऱ्या वर्षी हातोडी-होकायंत्र घेऊन डोंगरावर जायचं, थर कुठल्या बाजूला कलंडलाय ते मोजायचं, नकाशा रंगवायचा... आणि बुटांना तो अख्खा डोंगर चिकटवून आणायचा, माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर! एकेकाला तीस कोटी वर्षांपूर्वीचं तोंडपाठ, आणि काल "पाय पुसून या" सांगितलेलं आठवत नाही.

मला कसं कळतं म्हणता? अहो, अकरा वर्षं दाराबाहेर फडकं पिळत उभी आहे, कान काय घरी ठेवून येते? मी चौथी शिकले, पण तेच पुस्तक अकरा वेळा ऐकलंय. पोरं एकदा ऐकतात, तीही झोपेत.

तर तो दगड. चौदा नंबरच्या खोक्यात, कापसावर, मिठाचा दगड. मुठीएवढा, काचेसारखा. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, तरुणपणी स्वतः खाणीतून आणलेला. हा एकच दगड जिभेनं ओळखायचा असतो. दरवर्षी मॅडम सांगतात, "टोकाला जीभ लावा, खारट लागलं की लिहा नाव." साठ पोरं, साठ जिभा! मला बघवत नाही. पण मी काय करते? कोरडं फडकं. कोरडं! मिठाला पाणी लावायचं नसतं हे शेंबड्या पोराला कळतं, मला कळणार नाही?

आणि सोमवारी खोका उघडला तर दगड गायब. कापूससुद्धा नाही. शनिवारी परीक्षा. झाला गोंधळ! आणि हेडक्लार्क काय म्हणाला? बाईनं धुतला असेल!

का? तर गुरुवारी मी परीक्षेसाठी सगळे ट्रे धुतले होते, फिनेल टाकून, घासून. ट्रे, हं! दगड नाहीत! पण त्यांना ते जुनं आठवलं. खोटं कशाला बोलू... पहिल्या वर्षी माझ्याकडून एकदा झालं होतं. एक पांढरा ढेकळासारखा दगड होता, धुळीनं माखलेला, मी आपला चांगल्या मनानं बादलीत बुडवला, अर्ध्या तासानं हात घातला तर हाताला काही लागेचना! नुसता चिखल! मातीचाच दगड होता तो. कुणी सांगितलं होतं का? नाही. पण तेव्हापासून या विभागात काहीही हरवो, खडू हरवो, छत्री हरवो... बाईनं धुतली असेल!

आणि वेळ बघा कशी. अकरा वर्षांनी माझा कायम होण्याचा कागद मोठ्या सरांच्या टेबलावर आलेला. फक्त सही राहिली होती. फक्त सही! हेडक्लार्कनं तो कागद माझ्या डोळ्यांदेखत उचलला, फायलीत घातला आणि म्हणाला, "उद्या समिती बसेल, मग बघू." रडले असते, पण रडून काय, ती फरशीही मलाच पुसायची.

मग डोकं चालवलं. मॅडमचं एक वाक्य आहे, दर जुलैला म्हणतात, "खालचा थर जुना, वरचा नवा, मध्ये कुणी उलथापालथ केली नसेल तर." विभागाच्या मागे कचऱ्याचं पिंप आहे. गाडी बिघडली म्हणून तीन आठवडे कुणी नेलं नव्हतं. आणि त्यात कचरा कोण टाकतं? मी. उलथापालथ कोण करणार? कुणाला हौस आहे?

पदर खोचला, जुने पेपर अंथरले, आणि काढायला लागले, थराथरानं. पोरी जमल्या, "मावशी, काय करताय?" म्हटलं, "प्रॅक्टिकल!" वरचा थर शुक्रवार-शनिवारचा, पेन्सिलीची टोकं, चहाचे कप. त्याच्या खाली माझी फिनेलची रिकामी बाटली. म्हणजे गुरुवार. आणि बाटलीच्या खाली, वीतभर खाली हं, काय निघालं? चौदा नंबरच्या खोक्यातला कापूस! नंबराची चिठ्ठी तशीच चिकटलेली! म्हणजे मी फिनेलची बाटली उघडायच्या आधीच दगड संपलेला होता! एक पोरगी टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, थांब गं, अजून थराचं वय राहिलं. मॅडम सांगतात, थरात ओळखीचा शिंपला सापडला की वय पक्कं होतं. आणि सापडला ना शिंपला! कापसाला चिकटून रोजच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान, मंगळवारचं. असं कॅलेंडर अख्ख्या इमारतीत एकाच खोलीत आहे. पानामागे बारीक अक्षरात ब्लडप्रेशरचे आकडे. आणि त्याच थरात... काकडीची सालं.

तुम्हाला सांगते, मी ते पान पदराआड केलं. झटकन. कारण ते अक्षर मी अकरा वर्षं माझ्या सुट्टीच्या अर्जाखाली बघितलंय, 'मंजूर' म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत मोठ्या सरांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. सर डबा उघडून बसलेले, समोर काकडीच्या चकत्या, बाजूला ती दगड खरवडायची सुरी, आणि कागदावर पांढरी पूड, चिमूटभर राहिलेली. मला बघून कागद झाकला. मी म्हटलं, "सर, नमुना ओळखू का?" आणि बोट लावून जिभेला लावलं. खारट!

सर एकदम लहान झाले हो. एरवी खुर्चीत मावायचे नाहीत, ते एका कोपऱ्यात बसल्यासारखे दिसायला लागले. म्हणाले, "बाई, चार महिने झाले... डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. घरी बायको मिठाचा डबा लपवून ठेवते. आमटी अळणी, भाजी अळणी, मी एक दिवस फक्त कोपरा खरवडला... मग दुसरा कोपरा..." मी म्हटलं, "सर, तुमचे कोपरे झाले, माझी नोकरी चालली!" म्हणाले, "उद्या समितीत मी सांगतो." आणि खरं सांगते, मला नाही वाटलं की सांगतील.

पण सांगितलं! मंगळवारी समिती बसली, सर, मॅडम आणि हेडक्लार्क. मी दाराशी उभी, हातात कापूस आणि पान, पुरावा म्हणून. सर उठले, म्हणाले, "तो दगड मी खाल्ला." मग सरांनी फायलीतून माझा कागद काढला, तिथल्या तिथं सही केली. अकरा वर्षांनी! मला वाटलं, चला, जगात न्याय आहे. आता हेडक्लार्क नमुन्यांच्या रजिस्टरात जबाबदार म्हणून सरांचं नाव लिहील, मी ते डोळे भरून वाचीन आणि घरी जाऊन यांना चहा न देता सांगीन.

हेडक्लार्कनं पेन उचललं. सर म्हणाले, "लिहा, माझंच नाव लिहा." आणि तो? "छे छे सर, असं कसं! चार महिने अळणी जेवलात तुम्ही! माणूस करणार तरी काय?" मॅडमनी मान हलवली, "खरंच हो, इतकं कडक कुणी वागतं का? जरा तरी घालावं..." दोन मिनिटांत सर बिचारे! मी म्हटलं, "अहो, ती माऊली यांचा जीव वाचवतेय! ती तर या इमारतीची पायरीसुद्धा चढलेली नाही!" हेडक्लार्क म्हणाला, "बाई, तुम्ही सुटलात ना? मग आता फरशी बघा."

बघितली. काय करणार? कायम झाले आहे आता. नवा मिठाचा दगड मीच आणलाय, किल्ली माझ्याकडे असते, सरांना जेवणाच्या सुट्टीत देत नाही. आणि रोज त्या रजिस्टरावरची धूळ काढते, तेव्हा ती ओळ दिसतेच. नमुना क्रमांक चौदा, नष्ट. दगड खाणारा पुरुष, शोधणारी मी, आणि जबाबदार म्हणून कोण?

मोठ्या सरांची बायको.