सगळ्या कॉलनीचा एकच पत्रू

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या राइस मिलचा भोंगा आज कार्यक्रमापुरता बंद ठेवणारे माननीय खुशालभाऊ ठेंगरी; ब्रह्मपुरीहून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राचार्या रीताताई बोरकर; आपल्या कॉलनीचे सचिव आणि आजचे सूत्रसंचालक प्रफुलजी नाकतोडे; नको नको म्हणत शेवटी व्यासपीठावर बसलेले माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी नूर मोहम्मदभाऊ; आणि समोर सतरंजीवर बसलेल्या, पंख्याखालची जागा वेळेत धरणाऱ्या आणि न धरू शकलेल्या समस्त बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना पत्रू दोनाडकरचा मनापासून नमस्कार.

प्रफुलजींनी आत्ता मला ‘संगणकमहर्षी’ म्हटलं. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मंडळी, मी टेलिफोन खात्यातला लाइनमन. खांबावर चढायचो, तार जोडायचो, खाली उतरायचो. उतरायचो, हे महत्त्वाचं. निवृत्त झाल्यावर या कॉलनीनं मला ज्या खांबावर चढवलं, त्याला उतरायच्या पायऱ्याच ठेवल्या नाहीत.

आणि आता हा समोरचा चकचकीत कागदातला डबा. यात लॅपटॉप आहे हे तुम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हाच मला कळलं. प्रफुलजी म्हणाले, “आता भाऊ कुरखेड्यात बसूनच आपल्या घरातले कॉम्प्युटर चालवतील, आपल्याला त्यांची उणीव भासणार नाही.” असा प्रोग्राम असतो म्हणे, तिकडं बसून इकडचा बाण हलवता येतो. टाळ्या पडल्या. माझी पत्नी रंभा, ती बघा तिसऱ्या रांगेत सुलतानाबाईंच्या शेजारी, तीही टाळ्या वाजवत होती. वाक्य पूर्ण झालं आणि तिचे हात थांबले. तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं. म्हणून जे भाषण लिहून आणलं होतं ते खिशातच राहू देतो.

आम्ही कुरखेड्याला का चाललो, हे बऱ्याच जणांना नीट माहीत नाही. कुणी म्हणतं तिकडं शेत घेतलं, कुणी म्हणतं आरमोरीचं पाणी बाधलं. तसं काही नाही. रंभाची थोरली बहीण सरिताबाई तिथं एकटी राहते. तिच्या डोळ्यांची ज्योत कमी होत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही, उरलेली किती दिवस पुरेल सांगता येत नाही. दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला, “रंभे, येतो येतो करून राह्यली, तं आता ये. मले तुझं तोंड दिसते तवर ये. मंग आली काय अन् नाई आली काय, आवाज तं मी फोनवर बी आयकतो.” त्या दिवशी रंभानं पेट्या भरल्या. आता उन्हाळी धान लोंबीवर आलं, आणि पेट्या आज निघताहेत. मधले महिने कुठं गेले? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये गेले, मंडळी.

रागावू नका, सांगतो. मी घरी कॉम्प्युटर घेतला तो वेळ जावा म्हणून. मग खुशालभाऊंनी घेतला, मग एकेक करून सगळ्यांनी. कुणाला धानाच्या बोनसची यादी पाहायची, कुणाला मुलीच्या स्कॉलरशिपचा अर्ज भरायचा, कुणाला नुसतंच घरात असावा म्हणून. प्रत्येक घरी मशीन लावून द्यायला मी. ब्राउझर उघडला की तो विचारतो, आयडी कोणता? मी विचारायचो, “काय टाकू?” आणि प्रत्येक घरातून एकच उत्तर, “भाऊ, तुमचाच टाकून द्या नं. आमच्या कुठी ध्यानात राह्यते?” मी एकेकाला समजावलं. कुणी ऐकलं नाही. दारावरच्या पाटीसारखं इथंही ज्याचं घर त्याचं नाव हवं, असं सांगून पाहिलं, तरी नाही. शेवटी जिथं तिथं माझाच आयडी. सगळ्यांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक गोल, आणि त्या गोलात मी.

आता ब्राउझर म्हणजे काय, तर ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो ती खिडकी. एकाच आयडीनं सगळे शिरले की ती खिडकी सगळ्यांची एक होते. एका घरात जे शोधलं ते दुसऱ्या घरात दिसतं. नूर मोहम्मदभाऊंच्या घरी शेरवानीची बटणं शोधली की खुशालभाऊंच्या घरी ‘श’ टाकल्याबरोबर शेरवानी खाली लोंबायची, आणि भाऊ विचारात पडायचे की घरात कुणाचं लग्न आहे. मधे कुणीतरी मूळव्याधीवरचे घरगुती उपाय शोधले. कुणी ते अजून कळलं नाही. पण महिनाभर सगळी कॉलनी एकमेकांना बसताना बघत होती.

मला लोक विचारायचे, “भाऊ, चांगला ब्राउझर कोणता?” जसं काही धानाचं वाण विचारताहेत. मी सांगायचो, जो तुम्ही अपडेट करता तो चांगला. आपली माणसं अपडेटला ‘नंतर’ म्हणतात, का तर नेटचा पॅक संपेल. जन्मभर ‘नंतर’. मग तो लंगडायला लागतो आणि मला फोन येतो. एका वेळी तीसचाळीस पानं उघडी ठेवायची, बंद करायची नाहीत, काऊन की “लागलं तं पुन्हा कुठी शोधू?” कॅबिनेटमध्ये, म्हणजे मशीनच्या खोक्यात, मिलचा कोंडा. खुशालभाऊ, तुमच्या मिलनं या कॉलनीतल्या जेवढ्या मशिनी आतून पिवळ्या केल्या आहेत ना, त्या मी सायकलच्या पंपानं झाडल्या आहेत. हसू नका, पंप चांगला असतो, फक्त मशीन बंद करून, प्लग काढून, आणि अंगणात नेऊन मारायचा. एकदा मला आत पालीची अंडी मिळाली होती. कुणाच्या घरी ते सांगत नाही.

पण सगळ्यात मोठा रोग वेगळा. कोणतीही वेबसाइट उघडली की ती वर विचारते, मी तुम्हाला सूचना पाठवू का? खाली दोन बटणं, अलाऊ आणि ब्लॉक. साऱ्या कॉलनीनं आयुष्यात एकदाही ब्लॉक दाबलेलं नाही. मी सुलतानाबाईंना विचारलं, या लॉटरीवाल्याला, या वजन कमी करणाऱ्याला, या भविष्यवाल्याला, सगळ्यांना होकार काऊन दिला? त्या म्हणाल्या, “भाईसाब, दारात उभा राहून विचारते बिचारा, त्याले नाई कसं म्हणायचं?” त्या दिवशी मी त्यांना समजावून सांगितलं की मशीनला नाही म्हणता येतं, त्यात पाप नाही. सांगून घरी आलो, तर माझ्याच दारात तिघं उभे. एकाचा प्रिंटर, एकाचा आवाज, एकाला नुसतं ‘गोल गोल फिरते’. रंभानं ताट वाढलेलं होतं. मी तिघांनाही म्हणालो, चला, येतो.

यात प्रेम होतं, हे मला कळत नाही असं समजू नका. माणूस रिकामा बसला की कुणी विचारत नाही, आणि मला तर सगळे विचारत होते. पण सांगू का, त्या प्रेमात माझा जीव घुसमटायचा. बाजारात निघालो तरी कोणत्या गल्लीतून जाऊ म्हणजे कुणाचा कॉम्प्युटर आडवा येणार नाही, याचा विचार करायचो. दरवाजाची कडी वाजली की रंभा माझ्याकडे बघायची नाही, ताटावर झाकण ठेवायची. सरिताबाईचा फोन आला की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. काय सांगणार होतो तिला?

दर वेळी जायचा दिवस ठरला की कॉलनीत मशिनी आजारी पडायच्या. एकाची चालूच होत नाही, दुसऱ्याची चालू होते आणि झोपते. प्रफुलजींच्या घरी तर मेमरीची पट्टी, म्हणजे रॅमच, जागेवरून निघाली. मी म्हटलं ही कशी निघाली? तर म्हणे, “उंदीर असन.” उंदीर स्क्रू फिरवतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी बसवून दिली. तारीख पुढं गेली. पुन्हा दिवस ठरवला, पुन्हा तेच.

मग एके दुपारी मी माझ्याच घरी काहीतरी शोधायला बसलो. ‘कॉम्प्युटर’ एवढं टाकलं, आणि खाली जुनी शोधलेली वाक्यं लोंबली. सगळ्यांची खिडकी एक, हे तुम्ही विसरला होतात. पहिलं होतं, ‘कॉम्प्युटर हँग कसा करावा’. त्याखाली, ‘चांगला कॉम्प्युटर बिघडवण्याचे सोपे उपाय’. त्याखाली, ‘रॅम काढली तर काय होते, पुन्हा बसते का’.

आता एकमेकांकडे बघू नका. कुणी काय शोधलं ते मला कळायला मार्ग नाही, तिथं सगळीकडे माझंच नाव होतं. यंत्राच्या हिशोबानं तर मीच माझा कॉम्प्युटर बिघडवत होतो. मी हसलो आधी. खरंच हसलो. माणसं आपल्याला थांबवायला स्वतःची मशीन मोडतात, असं भाग्य कुणाला मिळतं? मग आणखी खाली बघितलं आणि हसू गेलं.

तिथं एक वाक्य टाइप न करता माइकमध्ये बोलून टाकलेलं होतं. टाइप केलेल्यात माणूस ओळखू येत नाही, बोललेल्यात येतो. ‘कम्प्युटर पुरा मेला पायजे, पुन्हा कोणाले दुरुस्त होऊ नाई, असं काई सांग’.

मी स्वयंपाकघरात गेलो. रंभा लाखोळीची डाळ निवडत होती. मी विचारलं, हे तू विचारलं? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “मीनंच इचारलं. सारी कॉलनी त्याले जित्ता ठेवून राह्यली, कोणी तं मारलं पायजे. बाईच्या डोयाची ज्योत चालली, अन् तुमी लोकाईच्या मशिनीत फुका मारून राह्यले.” मग डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, “तुमाले नाई म्हणता येत नाई नं कोणाले, मंग मले काऊन नाई म्हणता?”

  तेव्हा कळलं की मला तुम्ही अडकवलं होतं, आणि तिला मी. तिची पेटी दाराशी, आणि दाराची कडी तुमच्या हातात.

म्हणून खुशालभाऊ, ही शाल मी घेतो, श्रीफळ घेतो, रंभाची साडी ती घेईलच, रंग तिच्या आवडीचा आहे. हा डबा इथंच ठेवतो. भेट परत करणं बरं दिसत नाही, मला ठाऊक आहे. पण हा डबा कुरखेड्याला आला तर मी तिथं पोचणार नाही, नुसतं माझं अंग पोचेल. आमचा घरचा कॉम्प्युटरही आम्ही नेत नाही. तो नूर मोहम्मदभाऊंच्या मुलीला, उमेराला दिला, आणि त्यात तिच्या स्वतःच्या नावाचा आयडी उघडून दिला.

आणि तो देण्याआधी आज सकाळी आणखी एक काम झालं. मी रंभाला खुर्चीवर बसवलं. माझ्या खात्यात एक बटण असतं, सगळ्या ठिकाणांहून बाहेर पडा, असं. ते तिनं दाबलं. नवा पासवर्डही तिनंच टाकला. मी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होतो. आता तुम्ही घरी जाऊन ब्राउझर उघडाल तेव्हा तो विचारेल, आपण कोण? घाबरू नका. स्वतःचं नाव टाका.

काय म्हणता प्रफुलजी? जरा मोठ्यानं... ते म्हणताहेत, “भाऊ, तो पासवर्ड तं सांगून जा, अडीअडचणीले.” अहो, मले माहीतच नाई. आणि माझा फोन रंभाच्या पिशवीत आहे, तेव्हा ‘पासवर्ड विसरलो’ म्हणूनही मला आत शिरता येणार नाही, त्याचा ओटीपी त्याच फोनवर येतो. तिलाच विचारा. रंभा, सांगतेस का यांना?

“सांगत नाई मी.”

ऐकलंत. इतकं सोपं असतं ते. मला इतक्या महिन्यांत जमलं नाही.

आपण सर्वांनी आम्हा दोघांना जीव लावला, आमच्या सुखदुःखात उभे राहिलात, याबद्दल मी अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि या संपूर्ण कॉलनीचे आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर पदरात घ्या. काही चुकलं असेल, कुठं काही बिघडलं असेल, तर ते तसंच राहू द्या, दुरुस्तीला मला हाक मारू नका. चहा तुम्ही सगळे घ्या, आम्ही थांबत नाही. टेम्पो बाहेर उभा आहे, आणि सरिताबाईला अजून दिसतं.

नमस्कार.