शेन ओ'नील मराठीत शरण येतो

हदासा: म्हणजे तू राणीसमोर पालथा पडलास आणि मी दिलेलं वाक्य म्हटलंस. अख्खं?

जेरेमी: अख्खं, आजी. "बाई, तुमच्या घरी आले म्हणून वाकते. माझ्या घरी आलात तर तुम्ही वाका."

हदासा: आलो. वाकतो.

जेरेमी: तेच म्हटलं ना मी.

हदासा: तू बाईसारखं म्हटलंस. एवढा मोठा सरदार, मागे कुऱ्हाडवाले शिपाई, आणि म्हणतो "वाकते"!

जेरेमी: मी मराठी तुझ्याकडनं शिकलो. तू तशीच बोलतेस. एनीवे, कुणाला कळलं नाही. टाळ्या पडल्या.

हदासा: पण तो आयरिश होता ना रे? मग मराठी कशाला?

जेरेमी: सारा म्हणाली. माझी मॅनेजर. त्या मॅनर हाऊसच्या वाड्यात वीकेंडला आम्ही जुन्या कपड्यात हिस्ट्रीचे शो करतो, ते ती बघते. म्हणाली, "तुला एक फॉरेन लँग्वेज येतेच, तीच वापर. लोकांना फक्त आवाज पाहिजे."

हदासा: आणि त्यानं केलं काय होतं? फोनवर तू घाईत होतास, मला निम्मं कळलं नाही.

जेरेमी: शेन ओ'नील. नॉर्थ आयर्लंडमधला सगळ्यात मोठा चीफ. इंग्लिश आर्मीकडून तो हरत नव्हता, म्हणून राणी एलिझाबेथनं त्याला लंडनला बोलावलं. फिफ्टीन सिक्स्टी-टू. केशरी शर्ट घातलेले, लांब केसवाले त्याचे सोल्जर्स बघायला रस्त्यावर ही गर्दी. मग दरबारात तो जमिनीवर आडवा पडला आणि आयरिशमध्ये माफी मागितला.

हदासा: मागितली. मग?

जेरेमी: मग घरी गेला आणि परत लढायला लागला.

हदासा: शहाणा होता. आणि तू टाळ्या घेऊन असं तोंड करून का बसलायस? सोमवारी सुट्टीच्या दिवशी बर्मिंगहॅमहून लंडनमध्ये स्टॅनमोरला माझ्याकडे कुणी उगाच येत नाही.

जेरेमी: शो संपल्यावर एक बाई टीरूममध्ये आली. नोरीन. रिटायर्ड बस ड्रायव्हर. आमच्या बर्मिंगहॅममध्येच राहते, पण जन्म आयर्लंडमधल्या डोनेगॉलचा. मला म्हणाली, "ते आयरिश नव्हतं, बाळा."

हदासा: सापडलास.

जेरेमी: मी खरं सांगितलं. मराठी आहे, माझ्या आजीची. तिला मीनिंग पाहिजे होता, तो पण सांगितला. एवढी हसली, आजी, चहा सांडला. मग एकदम हसणं थांबलं. पेन मागितलं आणि फीडबॅक कार्डवर कम्प्लेंट लिहिली. म्हणाली, "हे तुझ्यासाठी नाही, शो चालवणाऱ्यांसाठी आहे."

हदासा: बरोबर केलं तिनं.

जेरेमी: हो, पण आज सकाळी साराचा ईमेल आला. नेक्स्ट संडेपासून भाषाच नको. मी फक्त हाऊल करायचं. आडवं पडून.

हदासा: हाऊल? कुत्र्यासारखं?

जेरेमी: तसंच. तिनं शोधून काढलं की जुन्या काळातल्या एका इंग्लिश माणसानं लिहून ठेवलंय, शेननं हाऊल करून माफी मागितली. म्हणजे ऑथेंटिक. कुणी कम्प्लेन करू शकत नाही.

हदासा: तो ओरडला नसेल रे. बोलला असेल.

जेरेमी: नोरीन पण तेच म्हणाली असती.

हदासा: तिचं सोड. मी सांगते ते ऐक. अडुसष्ट साली आम्ही इथं लंडनमध्येच, विल्सडेनला एका घरात वरच्या खोलीत राहायचो, मी आणि तुझे आजोबा. मुंबईहून तार आली, माझी आई गेली म्हणून. जाणं शक्य नव्हतं. मी खाटेवर बसून तिच्याशी बोलले. मोठ्यानं. कधी काय शिजवलं, काय बोलले, कुठे चुकले, सगळं. रडतही असेन. सकाळी घरमालकीण वर आली आणि म्हणाली, "मिसेस रुबेन, या घरात कुत्रं पाळायची परवानगी नाही."

जेरेमी: आजी...

हदासा: तिला खरंच तसं वाटलं होतं. वाईट बाई नव्हती. नाताळात केक द्यायची.

जेरेमी: तू काय म्हणालीस?

हदासा: सॉरी म्हणाले. आम्हाला दुसरी खोली कोण देणार होतं? संध्याकाळी तुझे आजोबा खाली जाऊन सांगून आले की कुत्रं गेलं.

जेरेमी: तू हे मम्मीला कधी सांगितलंस का?

हदासा: अदीनाला? नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

जेरेमी: नोरीननं नंबर दिलाय. म्हणाली, हवं असेल तर आयरिशमध्ये चार ओळी शिकवते. मी नको म्हटलं होतं. थांब, मी साराला फोन करते. करतो.

हदासा: नोकरी जाईल.

जेरेमी: जाईल कदाचित. ख्रिसमसला पँटोचं नाटक असतं, तोपर्यंत दुसरं काही काम नाही माझ्याकडे.

हदासा: मग आधी चहा पी.

जेरेमी: नको. चहा प्यायलो तर करणार नाही.

(तो बाहेर जाऊन फोन करतो आणि दोन मिनिटांत परत येतो.)

हदासा: इतक्यात झालं? काढलं तुला?

जेरेमी: मी अख्खं भाषण तयार केलं होतं. डिग्निटी, हिस्ट्री, तुझी घरमालकीण. एक वाक्य बोललो, आयरिशमध्ये करू का. ती म्हणाली, "ओ, लव्हली! फक्त तीनच्या आत संपव, नंतर ससाण्यांचा शो आहे."

हदासा: भांडली नाही?

जेरेमी: थोडंसुद्धा नाही. म्हणाली, तसंही कुणाला काही कळणार नाही.

हदासा: अरेरे. एवढा लढायला निघालास आणि समोर कुणी उभंच नाही.

जेरेमी: हसू नकोस. नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

हदासा: त्या बाईला, नोरीनला, कळव. वाट बघत असेल.

जेरेमी: मेसेज केला. बुधवारी येते म्हणाली. पण तिची आयरिश पण मोडकी आहे, आधीच सांगून टाकलं तिनं. शाळेत शिकली तेवढीच.

हदासा: असू दे. रविवारी किती वाजता आहे तुझं?

जेरेमी: अडीच वाजता. का?

हदासा: अदीनाला सांग, गाडी काढ म्हणावं. मी येणार आहे.

जेरेमी: आजी, तुला एक शब्द कळणार नाही.

हदासा: माहीत आहे. म्हणून तर नीट ऐकेन.