परीक्षेच्या दिवशी येणारा ताप

...आन वरून मलाच म्हनत्यात, "अध्यक्षबाई, तुमच्यापायी शाळेचं नाव गेलं!" माझ्यापायी? आता तुमीच सांगा, पेपर काय मी लिवला का? पेपर आला पुन्यावरनं, लिवला पोरांनी, तपासला मास्तरांनी, आन शाळेचा नंबर शेवटून पयला आला तर बोल कुनाला? चांगुणाला! का? तर मी अध्यक्ष हाय ना!

तुमाला सांगते, अध्यक्ष मी काय हौसंनं झाले न्हाई. आमचं गाव नेवाशाच्या अलीकडं, प्रवरेच्या काठाला. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. पालकांची मीटिंग हुती, आन म्हशीनं धार द्यायला असा नखरा केला, असा नखरा केला, का मला जायाला उशीर झाला. दारात चपला काढतीय तर आतून टाळ्या! मला वाटलं, कुनाचा सत्कार चाललाय, म्हनून मी बी दारातूनच वाजवल्या. मंग कळ्ळं, शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मीच झाले! सवताच्या नावाच्या टाळ्या सवताच वाजवल्या... आन पुरुषमंडळी लगोलग उठून चहाला. सुटले ना बिचारे!

तर ही सरकारी चाचनी. सगळ्या राज्याला येकच पेपर, का कुनाच्या पोराला किती वाचता येतंय, किती गनित येतंय, ते सरकारला कळावं. कळू द्या की! पन आदल्या दिवशी बोरुडे सरांनी मला शाळंत बोलावलं. बोरुडे सर म्हंजी आमचे मुख्याध्यापक. मानूस वाईट न्हाई हां, पन बोलताना घसा इतका खाकरत्यात, का निम्मं बोलनं त्यातच जातं. मला खुर्ची दिली, चहा मागवला, बिस्कुट सुदिक! मी मनात म्हन्लं, चांगुणे, आज काय धड न्हाई.

"चांगुणाताई," सर म्हन्ले, "मागच्या वेळी आपण खालून दुसरे होतो. आता आणखी घसरलो ना, तर लोक पोरं काढून घेतील, पट कमी होईल आणि सातवीचा वर्ग जाईल. मग मुलांना हायवे ओलांडून पलीकडच्या गावाला जावं लागेल."

त्या हायवेला ट्रक काय, टेम्पो काय, उसाच्या डबल ट्रॉल्या काय... मोठं मानूस ओलांडताना देवाचं नाव घेतं! म्हन्लं, "मग काय करायचं सर?"

"खं... खं... काही मुलं जरा संथ आहेत. त्यांच्यामुळं सरासरी खाली येते. त्यांना उद्या ताप आला, तर बरं होईल."

"ताप?"

"म्हणजे यायला नको हो! आलाय असं समजायचं. घरी थांबायचं. तुम्ही पालकांना सांगा, तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

तुमाला सांगते, मला काय बुद्धी झाली! हायवे डोळ्यापुढं हुता का काय... मी म्हन्लं, "कोन कोन?" सर म्हन्ले, "फैयाज, साळूबाईंचा राम... आणि खं... बाकी आम्ही बघतो." असं म्हनून बशीत बघत बसले. बशी रिकामी! रिकाम्या बशीत काय बघतो मानूस? पन मला त्या येळंला कळ्ळं न्हाई. निगाले. अध्यक्ष हाय ना मी!

पयल्यांदा फैयाजच्या घरी. त्याची आई बद्रुन्निसाभाभी भाकरी थापीत हुती. मी आडून आडून सांगितलं, का बाबा उद्या त्याला ताप हाय असं धरा. मला वाटलं भांडल. न्हाई! ती म्हन्ली, "चांगुणाताई, तुमी म्हन्ता म्हंजी पोराच्या भल्याचंच आसंल," आन माझ्या म्होरं भाकरी ठिवली, वर शेंगदान्याची चटनी. ती भाकरी मी तशीच पदरात बांधून उठले. शिव्या दिल्या असत्या ना, तर बरं झालं असतं!

मंग साळूबाईकडं. म्हातारी नातवाला एकटीनं वाढिवती, तोंडानं लई फटकळ. ओट्यावर बसून लसून सोलीत हुती. मी ताप म्हन्ले न म्हन्ले, तशी वर बघितलं आन म्हन्ली, "व्हय व्हय, ठिवते की घरी. तुझा ओंकार बी इकडंच धाड. दोगं मिळून शेरडं राखतील."

"माझा ओंकार? त्याचा काय संबंध?"

"अगं बया! तुला ठाव न्हाई? सरांनी पोरांना वर्गातच सांगितलं ना, उद्या राम, फैयाज आन ओंकार येनार न्हाईत. साऱ्या गावाला ठाव हाय, आन तू काय..." म्हातारी लसून सोलायचीच थांबली.

काय सांगू तुमाला! गावभर लोकांच्या पोरांना ताप वाटत फिरले, आन माझ्याच घरातलं पोरगं... मला ठाव न्हाई! आन मी अध्यक्ष!

तशीच घरी आले. ओंकार दारात हुता. म्हन्लं, "पुस्तक आन. वाच." त्यानं पुस्तक उघडलं, आन काय वाचाया लागलं, काय वाचाया लागलं... खळखळ खळखळ! माझा जीव भांड्यात पडला. म्हन्लं, मास्तर खोटं बोलतोय, माझं पोरगं तर वाचतंय! वाचता वाचता मी आपलं सहज पान उलटलं. तरी गडी खळखळ! त्योच धडा! पान दुसरं, चित्र दुसरं, आन धडा त्योच!

"ओंकार," मी म्हन्लं, "ह्या वळीला काय लिवलंय?"

लई येळ बोटानं वळ चाचपीत बसला. "मा... मासा... मासो..." आन मंग हळूच म्हन्ला, "आई, हळू वाचलं का पोरं हसत्यात. म्हनून मी पाठ करतो."

सातवीला हाय हो! दरसाल पास, दरसाल निकालाच्या दिवशी पेढे वाटले मी. पेढे खाताना येक बी मास्तर बोलला न्हाई, आन मला बी कधी वाटलं न्हाई, का पोराला जवळ घेऊन येक पान वाचून घ्यावं. शाळंत झेंड्याला नारळ फोडाया मी, सायब आला का हार घालाया मी... आन पोरगं?

आन ते काय म्हन्लं म्हायती हाय का? माझ्या मांडीवर हात ठिवून म्हन्लं, "आई, सर म्हन्ले उद्या ताप येऊ दे. पन ताप आनायचा कसा?"

मी आपली पाठमोरी झाले, आन चुलीत धूर नसताना डोळे पुसले.

सकाळी ओंकारला धरला, फैयाजला घेतला. बद्रुन्निसाभाभीला म्हन्लं, "काल मी चुकीचं सांगितलं. शिव्या दे." तिनं न्हाई दिल्या, पोराचा भांग पाडून दिला. साळूबाईकडनं रामला घेतला, तिनं मात्र दिल्या, कालच्या आन आजच्या मिळून! आन गेले शाळंत. बोरुडे सरांनी तिघांना बघितलं आन घसा खाकरायचंच इसरले.

"चांगुणाताई, हे काय?"

"ताप उतरला, सर!"

"मला काय हौस आहे का हो?" सर येकदम बारीक आवाजात म्हन्ले. "आपल्या स्नेहल मॅडम वर्गावर आल्या की वरून हुकूम, सर्वेक्षणाला पाठवा, परत आल्या की मतदार यादीला पाठवा. दोन वर्ग मी एकटा बघतो. आणि निकाल लागला की नाव कुणाचं?"

मी म्हन्लं, "माझं बी घ्या. अध्यक्ष हाय ना मी! पन पोरं बसनार."

बसली! आन पेपरात उतारा कशाचा? सरकत्या जिन्याचा! आमच्या गावात साधा जिना दोन घरांना. खाली प्रश्न, 'सरकत्या जिन्यावर जाताना तुम्ही काय काळजी घ्याल?' ओंकारनं लिवलं, 'मी आदी त्याला थांबवीन.' पन तुमाला सांगते, भाईर आला तवा तोंड असं उजळलेलं! "आई, निम्मा उतारा वाचला! पाठ नव्हता तरी वाचला! तेवढ्यात घंटा झाली." निम्माच. पन त्याचा सवताचा.

आन निकाल? आसपासच्या धा-बारा शाळांत शेवटचा नंबर. दोन घरांनी पोरं काढून पिवळ्या बसच्या इंग्रजी शाळंत घातली. सातवीचा वर्ग सध्या तरी हाय... पुढचं कोन सांगावं? पारावरची मंडळी मला बघून बोलायची थांबत्यात. आन ज्यानं मीटिंगमधी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या हुत्या ना, त्योच पयला म्हन्ला, "तुमच्यापायी गेलं!"

येक झालं मात्र. स्नेहल मॅडमनं सांगून टाकलं, का दुपारच्या सुट्टीनंतरचा तास या पोरांचा, नुसतं वाचन, कुनी हसायचं न्हाई. पंधरवड्यात ओंकार दुकानाच्या पाट्या वाचाया लागला! हळू, पन खऱ्या!

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले, या सगळ्या शाळांवरचे सायब. फायली उघडल्या, चष्मा काढला, चष्मा घातला, आन म्हन्ले, "या शाळेकडं आता विशेष लक्ष द्यायचं ठरलंय!" मला इतका आनंद झाला, म्हन्लं आता आनखी येक मास्तर मिळनार!

सायब म्हन्ले, "रोज एक सराव चाचणी."

मॅडम उभ्या राह्यल्या. "सर, पण मग मुलांना वाचायला शिकवायचं कधी?"

"अहो, तो दुपारचा तास मोकळाच आहे ना तुमचा? तिथंच घ्या चाचणी!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बोलले, लई बोलले, पन सायबांची गाडी तवर सुरू झाली हुती. आता काय... पोरं वाचतील का न्हाई त्ये देव जाने, पन परीक्षा द्यायच्या कामात आमची शाळा जिल्ह्यात कुनाला ऐकायची न्हाई!