पोह्यांवर किसलेला नवस

अजूनही आठवलं की डोकं तापतं बाई माझं! हे रोज जंगलातल्या रस्त्यानं मोटरसायकलवर कामाला जातात. वर्षभर सुखरूप राहावेत म्हणून मी वाघदेवाला नारळ बोलले होते. ताडोबाकडे सगळे तंबूत राहायला गेलो, तर सकाळी फिरायला जायच्या पायवाटेवरच देवाचं ठाणं होतं, म्हणून नारळ सोबतच नेला होता. मी आंघोळ करून येते तोवर धाकट्या दिरानं तोच नारळ फोडून पोह्यांवर किसलेला!

"भाऊजी, नवसाचा होता तो!"

"वहिनी, वाघ काय नारळ खाते का?"

दीर हसला. हेही हसले! ज्यांच्यासाठी नवस, तेच!

"खा मग पोटभर. पण जंगलात आता पुढं तुम्हीच चाला. कोणी आडवं आलं तर सांगा, तुहं खोबरं मीच खाल्लं म्हणून."

निघायची वेळ झाली, तर दीर जागचा हलेना.

"काऊन? आता काय झालं?"

"पहिले गावातून नारळ आणतो ना, वहिनी."

आणले ते दोन. म्हणाला, "एक माह्याकडून."

ठाण्यावर दोन्ही फोडले. देवाचा प्रसाद कुणाला नाही म्हणू नये, म्हणून दोघा भावांनाही दिला. पण तुकडे शोधून शोधून नखाएवढे दिले.