दसऱ्याची नवी डिस्क

—अहो काकू, मेथी तिथे नको, कीबोर्डवर माती सांडेल. खाली ठेवा. आणि एवढ्या जुड्या कशाला आणल्या, संपणार कधी? बसा त्या खुर्चीवर — फिरते ती, घाबरू नका. हं, तर काकांना शेटनी कामावरून काढलं, ते काय माझ्या सांगण्यावरून? मी इथे कॉम्प्युटर बघते, मालकी नाही माझी. शेटनी विचारलं, 'दीपमाला, हे झालं कसं?' मी म्हटलं, डिस्क कुणी बसवल्या ते बघा. बस, एवढंच. आता बसवल्या कुणी? तुमच्याच यजमानांनी, चिमाजीकाकांनी. खोटं आहे का? नाही ना? मग!

डिस्क म्हणजे — कसं सांगू तुम्हाला — हा डबा आहे ना, असाच एक खाली आहे, त्याच्या पोटात लोखंडी, चपट्या वड्या असतात. आपण डाय, म्हणजे साचे, बनवतो त्यांची सगळी ड्रॉइंगं एका डिस्कवर, आणि दुसरीवर तिची नक्कल. ती नकलेची डिस्क श्रावणातच मेली. मी म्हटलं शेटना, नवी आणा, एकीच्या भरवशावर राहू नका. तर म्हणे, दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊ. घ्या! लोखंडाच्या वडीला मुहूर्त! सातपूरमध्ये कारखाना काढलाय की देऊळ? बरं, आली एकदाची दसऱ्याला सकाळी. मी तिला कोरी करकरीत, तयार करून ठेवली. तर शेट म्हणतात, लेथला हार, ड्रिलला हार, मग हिला का नको? आणि डब्याला कुंकू लावून काय उपयोग, माल तर आत आहे — बाहेर काढा! काढल्या की हो! काकांनी दोघी पाटावर मांडल्या, हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं — सासू-सुना हळदीकुंकवाला बसल्यासारख्या. आरती काय, पेढे काय. आणि परत बसवताना झाली अदलाबदल. दोघी एकाच कंपनीच्या, दोघींच्या कपाळाला कुंकू, ओळखणार कोण? जुनीच्या जागी नवी बसली, नवीच्या जागी जुनी.

आता ह्यात माझ्या स्क्रिप्टचा काय दोष? स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची यादी हो. मी एकदा लिहून ठेवलीय, रोज संध्याकाळी आपली आपण चालते. डिस्क किती भरल्यात बघ, कुठे खराब झाल्यात का तपास, मग पहिल्या जागेवर जी असेल तिचा जसाच्या तसा छाप दुसऱ्या जागेवरच्या डिस्कवर उतरव. जागा बघते ती, तोंड बघत नाही. पहिल्या जागेवर बसली होती कोण? कोरी. मग कोऱ्या डिस्कचा छाप उतरला भरलेल्या डिस्कवर, आणि सगळी ड्रॉइंगं साफ. डिस्क मुंबईला पाठवली, पुसलेलं परत काढून देतात त्यांच्याकडे, तर ते म्हणाले, बाई, ह्यात काही उरलेलं नाही. शेट तर डोक्याला हात लावून बसलेत, जुन्या डाय मोजून-मोजून पुन्हा ड्रॉइंगं काढायला लागणार. आणि काका म्हणतात, 'देवाचं केलं, त्यात काय चुकलं?' काय बोलणार अशा माणसाला!

मी? मी कुठे होते म्हणजे? होते की. म्हणजे पूजेला नव्हते, सकाळी डिस्क तयार केली आणि पुढे अर्धा दिवस रजा होती. त्र्यंबक रोडला शोरूममध्ये स्कूटी घ्यायला गेले होते. दुपारच्या आत ताब्यात घ्यायची होती, नंतर मुहूर्त — हसताय काय काकू, आईचा हट्ट होता तो. मी नाही मानत असलं काही.

काय म्हणालात? पुसायच्या आधी यंत्र विचारत नाही का? वा, तुम्ही पण काकांच्याच वळणावर! विचारायचं ना. आधी विचारायचं. पहिली डिस्क एवढी भरलीय, दुसरी एवढी, उतरवू का छाप? फक्त हो म्हणून बटण दाबायचं. संध्याकाळी यंत्र बंद करायचं काम काकांकडे, मग ते जिना चढून वर. 'बाई, ते इचारतंय, काय सांगू?' अहो, हो सांगा! दुसऱ्या दिवशी परत. मी चहा घेतेय — 'बाई, इचारतंय.' चपला घालून निघालेय — 'बाई, इचारतंय. आज आकडा लय वाढलाय, दाबू का?' आकडे वाचायचे हो, रोज! वर्तमानपत्र वाचावं तसे. मी त्यांची नक्कल करायचे तेव्हा ऑफिस लोळायचं हसून. आणि एकदा मी रजेवर होते, तर ह्यांनी यंत्र रात्रभर तसंच विचारत ठेवलं! का, तर म्हणे, 'बाई न्हवत्या, आपण कसं हो म्हणावं?' हद्द झाली की नाही? शेवटी गेल्या वर्षी गणपतीत मी ती विचारणारी ओळच उडवली. एकच ओळ. विचारू नकोस, हो समज आणि चाल पुढे. कटकट गेली, इतकं बरं वाटलं मला त्या—

असं बघू नका माझ्याकडे. नाही, विचारलं असतं तर — पहिली रिकामी, असं दाखवलं असतं खरं. आणि काकांनी वाचलं असतं. आणि मी नव्हते, म्हणजे ते... थांबलेच असते. पण तसं नाही धरायचं, काकू! चूक बसवणाऱ्याचीच. पहिली चूक कुणाची, ते बघायचं असतं.

शेटना? नाही, शेटना नाही सांगितलं. टेक्निकल असतं ते, त्यांना कळणार नाही. आणि तोंड उघडलं तर मला ठेवतील का इथे? घरात कमावणारी मी एकटी. मी काय म्हणते, विंचूरला माझी ओळख आहे, वॉचमनची जागा असते, काकांसाठी शब्द टाकते मी. आजच फोन करते. नक्की. उठलात का? काकू, बसा हो, चहा सांगते. केबिनकडे कुठे? शेटकडे पाहुणे आलेत. आणि सांगणार काय तुम्ही त्यांना? स्क्रिप्ट म्हणता तरी येईल का तुम्हाला?

काय?

'यंत्र इचारत व्हतं, बाईनं त्याचं तोंड बांधलं.'

...एवढंच सांगणार?

जा. उजवीकडची केबिन. दार वाजवून जा, शेटना न विचारता आत आलेलं चालत नाही.